चौकातला पांढरा ढग

१

टेबलावर अकरा वस्तू होत्या. बांबूच्या तीन लाठ्या, टोकांना भेगाळलेल्या, मुठीशी कातडी वादी. कॅनव्हासची एक पिशवी. पिशवीतून निघालेल्या दोन थाप्या आणि छतावरच्या फुलाचा एक रबरी साचा. पीओपीची फाटलेली थैली, निम्मी रिकामी. डाव्या पायाची चप्पल. काच तडकलेला मोबाइल. किल्ल्यांचा जुडगा.

लाठ्या पोलीस चौकीच्या. बाकीच्या आठ वस्तूंचा मालक शवागारात होता.

आदल्या दिवशी दुपारी पाणीपुरवठा कार्यालयावर मोर्चा आला होता. तीन दिवस त्या भागात नळाला थेंब नव्हता आणि लोक रिकाम्या बादल्या बडवत होते. राखीव तुकडी मागच्या फाटकावर होती. पुढच्या चौकात या चौकीचे तिघे आणि गाडीचा ड्रायव्हर. त्यांनी चौक मोकळा केला. छतासाठी पीओपीची फुलं ओतणारा एक कारागीर त्या गर्दीत होता. तो संध्याकाळी रुग्णालयात पोचला तेव्हा जिवंत नव्हता. डोक्याच्या मागच्या बाजूला एक घाव, कवटी फुटलेली.

पोलिसांनी आधी सांगितलं की चेंगराचेंगरीत पडला. मग व्हिडिओ आला, एकोणीस सेकंदांचा. एक उंच शिपाई लाठी उगारतो, लाठी खाली येते, कारागिराच्या खांद्याभोवती पांढरा ढग उठतो आणि तो कोसळतो. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हा ढग सगळ्यांच्या फोनवर होता आणि चौकीच्या दारात हजारभर माणसं होती. त्या शिपायाला चौकीत सगळे शिडी म्हणत. आता बाहेरचे हजार जण तेच नाव घेऊन त्याला बाहेर काढायला सांगत होते.

सरकारने चौकशीला एका निवृत्त न्यायाधीश बाईंना पाठवलं. त्यांच्या मदतीला प्रयोगशाळेतून मला.

"बाई, तुम्हाला उगाच त्रास," चौकीचे साहेब म्हणाले. माणूस नीटनेटका, आवाज मऊ. "व्हिडिओ जगाने पाहिलाय. तुम्ही सही करा, मी त्याला अटक दाखवतो, लोक घरी जातील. सुंठीवाचून खोकला जाईल."

"मला खोकला नाहीये," बाई म्हणाल्या. "यातली त्याची लाठी कोणती?"

साहेब हसले. "लाठ्यांना नावं नसतात. बंदोबस्ताहून आल्या की पिंपात टाकतात. काल तीन निघाल्या, तीन परत आल्या. कोणती कोणाची, ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही."

मी भिंग घेऊन खाली वाकले. पहिल्या लाठीच्या टोकाच्या भेगेत पांढरं होतं. फुंकर मारली, त्यातलं थोडं उडालं. दुसरी लाठी स्वच्छ होती. तिसरीच्या भेगेतही पांढरं होतं. फुंकर मारली. मग नखाने खरवडलं.

नख तुटलं. पांढरं जागचं हललं नाही.

२

शिडीला कोठडीत ठेवलं होतं. अटक म्हणून नव्हे, बाहेर सोडला असता तर लोकांनी फाडला असता म्हणून. बसल्यावरही त्याचे गुडघे छातीशी येत होते. हातातला फोन सारखा थरथरत होता.

"आई आहे," तो म्हणाला. "मोरीत बसलीये, दाराला कपाट लावून. खिडक्या सगळ्या गेल्या. बाई, साहेब म्हणतात गुन्हा कबूल कर, मग घराला बंदोबस्त देतो."

"मारलंस का त्याला?"

"मारलं. खोटं कशाला बोलू. पण हलकी मारली. पिशवीवर. थैली फुटून ढग उठला म्हणून ती एवढी मोठी दिसते."

"डोक्यावर?"

"आईशपथ नाही."

"मग तो कोसळला कसा?"

"कोसळला आणि उठला की. उठून मलाच शिव्या घातल्या. म्हणाला, 'अरे लांबड्या, थैली फाडलीस, आता तुझा बाप भरून देणारे का?' अंगभर पांढरा झालेला, पिठातून काढल्यासारखा. मला हसू आलं होतं, देवा." त्याने थरथरणारा फोन मांडीवर उलटा ठेवला. "मग स्वतःच्या पायांनी गाडीत चढला. व्हिडिओत ते नाहीये. लोक म्हणतात, दिसत नाही म्हणजे घडलं नाही."

"लाठीचं काय केलंस?" मी विचारलं.

"पँटला पुसली. संध्याकाळी पिंपात टाकली."

"धुतली नाहीस?"

त्याने माझ्याकडे वेड्यासारखं पाहिलं. "मॅडम, पाणी कुठे होतं? मोर्चा कशासाठी होता मग?"

"कुठेच नव्हतं?"

"चौकीच्या टाकीत होतं. तिच्यासाठी टँकर येतो."

बाहेर काहीतरी फुटलं. पाठोपाठ आरोळी उठली. बाई उठल्या आणि दारातल्या शिपायाला म्हणाल्या, "याच्या आईकडे आत्ता माणसं पाठवा. माझ्या सहीने. आणि साहेबांना आठवण करून द्या, मी सूर्यास्तापर्यंत वेळ मागितलाय."

"दिला का त्यांनी?" मी विचारलं.

"त्यांनी दिला. बाहेरच्यांचं माहीत नाही."

३

कारागिराची बहीण शवागाराच्या पायरीवर बसली होती. तिच्या नखांच्या कडा पांढऱ्या होत्या. दोघं मिळून एक लहान कारखाना चालवत. भाऊ ओतायचा, ती घासून नक्षी साफ करायची. खरं कळल्याशिवाय ती भावाला ताब्यात घेणार नव्हती.

"एक आधी लिहा," ती बाईंना म्हणाली. "दादा मोर्चात होता. सगळे सांगतात, बिचारा वाटेने चालला होता. वाटेने नव्हता चालला. घोषणा द्यायला गेला होता. घोषणा देणाऱ्याला मारलं तर चालतं का?"

"नाही चालत," बाई म्हणाल्या. "लिहिते."

"आणि त्या शिडीला द्या आमच्या हातात."

मी थैलीबद्दल विचारलं.

"कोरडी ठणठणीत होती. पीओपीला पाणी लागलं की पंधरा मिनिटांत दगड. दादा थैली आपल्या पोटाशी धरायचा पावसात, स्वतः भिजायचा." तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. "का?"

"तेच पाहायचंय," मी म्हणाले.

प्रयोग सोपा आहे. पीओपीच्या कोरड्या भुकटीत थोडं पाणी बांधलेलं असतं. ती तापवली की वजन सहा टक्क्यांच्या आसपास घटतं. हीच भुकटी भिजून घट्ट झाली की तिच्यात जास्त पाणी बांधलं जातं. मग तापवल्यावर घट एकवीस टक्क्यांजवळ जाते. रंग तोच, स्पर्शही पुष्कळदा तोच. तराजू मात्र फसत नाही.

थैलीतली भुकटी: ६.१ टक्के. पहिल्या लाठीच्या भेगेत खोलवर उरलेली: ६.३. तिसऱ्या लाठीवरचे खडे: २०.७.

तिसरी लाठी पांढरी झाल्यानंतर भिजली होती. रक्ताची चाचणीही मी केली, पण तिच्यावर विश्वास ठेवता येईना. लाठीला ब्लीचिंग पावडरचा वास होता आणि ब्लीच त्या चाचणीला खोटं बोलायला लावतं.

उरलेला एक खडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. त्याच्यातून काहीतरी काळं, बारीक बाहेर आलं होतं. एक टोक मोकळं, दुसरं पीओपीत पक्कं रुतलेलं.

केस होता.

४

व्हिडिओ काढणारी बाई चौकातच औषधांचं दुकान चालवत होती. गेल्या चोवीस तासांत ती प्रसिद्ध झाली होती आणि तिला ते आवडलेलं दिसत होतं.

"एकोणीसच सेकंद घेतलेत का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"छे हो. पुष्कळ घेतलंय. बाकीचं कापलं."

"का?"

"त्यात काही नव्हतंच. तो उठतो, भांडतो, गाडी निघून जाते. एवढं कोण बघत बसणार? लोकांना वेळ असतो का?"

बाईंनी फोनसाठी हात पुढे केला. "आम्हाला आहे."

दुकानाच्या फळीवर फोन टेकवून आम्ही पाहिलं. ढग विरतो. कारागीर गुडघ्यावर येतो, उठतो. तो शिडीला काहीतरी बोलतो आणि शिडीचे खांदे हसल्यासारखे हलतात. मग तो डाव्या हाताने उजवं कोपर धरून, हळूहळू, गाडीच्या मागच्या दाराने आत चढतो. डोक्यावर पांढरं आहे, लाल कुठेच नाही.

मध्येच कोणाचा तरी फलक आडवा येतो. तो सरकतो तेव्हा हवालदार मामा, चौकीतले सर्वांत जुने, गाडीच्या मागच्या दाराला बाहेरून कडी घालत असतात. लाठी त्यांच्या काखेत. शिडी तीन मोठ्या ढाली ओढत गाडीच्या पुढच्या बाजूला नेतो, आत रेटतो, दार कमरेने ढकलून लावतो. लाठी त्याच्या हातात. गाडी जाते. दोघेही लाठ्यांसकट चौकातच उभे राहतात.

"साहेब कुठेयत?" मी विचारलं.

"असतील पलीकडे," औषधवाली म्हणाली. "मी काही साहेबांचा व्हिडिओ काढत नव्हते."

बाईंनी तो भाग पुन्हा लावला. ढाली आत जातात, दार कमरेने बंद होतं. तिसऱ्यांदा लावला.

"दार लावायला केवढा जोर करतोय बघा," त्या म्हणाल्या. मग फोन परत देताना दुकानदारणीला: "हे सगळं आम्हाला पाठवा. यातलं काही न कापता."

५

बाईंनी चौघांना एकाच खोलीत बसवलं: साहेब, हवालदार मामा, ड्रायव्हर आणि कोठडीतून आणलेला शिडी. खिडकीची काच फुटली होती, त्यामुळे बाहेरच्या घोषणा सरळ आत येत होत्या. सूर्य समोरच्या इमारतीला टेकला होता.

"साहेब, त्याला चौकीत आणताना तुम्ही कुठे होतात?"

"गाडीत. पुढे, ड्रायव्हरशेजारी. मागे तो एकटाच. मामांनी कडी लावली होती, विचारा. वळणावर पडला असेल तर तेवढं मला सांगता येत नाही, जाळीतून नीट दिसत नाही. मला विचाराल तर मार चौकातच लागला होता."

"ड्रायव्हर?"

"हो. साहेब पुढेच होते." त्याने मान वर केली नाही.

"बरं." बाई हवालदारांकडे वळल्या. "मामा, बंदोबस्ताहून परतताना ढाली कुठे ठेवता हो?"

मामा खुलले. इतक्या वेळात त्यांना पहिल्यांदाच उत्तर येणारा प्रश्न आला होता. "पुढच्या सीटवर, बाई. मागे कधीच नाही. एकदा पकडलेल्या पोराने ढालीवरच डोकं आपटून घेतलं होतं, तेव्हापासून माझा नियम आहे. आडव्या घातल्या की तीनात सीट भरते. दार लागता लागत नाही."

"मग साहेब कुठे बसतात?"

"काल साहेब मा..."

मामा थांबले. बाईंनी माझा फोन टेबलावर ठेवला आणि शिडी ढाली रेटतो तेवढा भाग लावला.

"तीन ढाली," त्या म्हणाल्या. "साहेब त्यांच्या मांडीवर बसले असतील तर सांगा."

साहेबांचा आवाज तसाच मऊ राहिला. "ठीक आहे. मागे होतो. लक्षात राहिलं नाही. म्हणून मी मारलं असं होत नाही."

"एक लाठी गाडीत होती," मी म्हणाले. "शिडी आणि मामा आपापल्या लाठ्यांसह चौकात थांबले. दोघांच्या लाठ्यांना पाणी लागलं नाही, कारण त्या भागात पाणीच नव्हतं. तिसरी पांढरी झाल्यानंतर धुतली गेलीय. पाणी होतं ते इथल्या टाकीत."

"मी काहीही धुतलं नाही," साहेब म्हणाले, आणि त्यांचं हे वाक्य खरं होतं.

"मी धुतली," ड्रायव्हर म्हणाला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"गाडी धुणं माझं काम आहे. बंदोबस्ताहून आली की आत घेण्याआधी पाइप मारायचा, ब्लीचिंग टाकायची. वीस वर्षं तेच करतोय. आत जे असेल ते धुतलं जातं. लाठी बाकाखाली होती. धुतली, पिंपात ठेवली." त्याचे हात मांडीवर एकमेकांत गुंतले. "लाल पाणी आलं. मी म्हटलं, आपल्याला काय करायचंय."

"अरे, लाठी गाडीत पडलेली होती," साहेब म्हणाले. "तो पांढराफटक होऊन शेजारी बसला होता. त्याच्या अंगावरून सांडलं असेल. साप म्हणून भुई धोपटताय तुम्ही."

"सांडलं असतं तर लांबीभर पडलं असतं," मी म्हणाले. "हे फक्त टोकाच्या वीतभर भागात आहे, भेगेत ठासलेलं. आणि त्यात एक केस आहे. मुळासकट. शवागारातल्या केसांशी जुळवलाय. लाठी नुसती पुसली असती तर तो पुसला गेला असता. पाणी मारल्यामुळे रक्त गेलं, पण पीओपी दगड झालं आणि केस त्यात अडकला."

साहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

"तो गाडीत काय म्हणाला होता?" बाईंनी हळूच विचारलं. प्रश्न साहेबांना नव्हता.

"थैली," ड्रायव्हर म्हणाला. "सारखं एकच. थैली भरून द्या, उद्या एकाच्या घरी छत लावायचंय. साहेब म्हणाले, गप्प बस. तो म्हणाला, का म्हणून? पाणी तुम्ही प्यायचं, मार आम्ही खायचा, वर गप्पही आम्हीच बसायचं? मग जाळीमागे आवाज झाला. मग तो बोलला नाही." त्याने डोळे पुसले. "मी गाडी थांबवली नाही. ते पण लिहा."

साहेब उठले, खुर्ची जागेवर सरकवली आणि बाईंना म्हणाले, "वकिलाशिवाय मी आता काही बोलणार नाही."

"पहिल्यांदाच शहाणं बोललात," बाई म्हणाल्या.

६

बाई पायरीवर उभ्या राहून बोलल्या तेव्हा गर्दीला आधी कळलंच नाही. मग कळलं. साहेबांना मागच्या दाराने नेईपर्यंत लोकांनी पुढचं दार सोडलं नव्हतं. सकाळी ज्यांनी शिडीच्या आईच्या खिडक्या फोडल्या होत्या त्यांतले काही जण तिथे काचा वेचायला गेले. शिडी बाहेर आला तसं त्याला कोणीतरी उचललं. आधीच उंच, खांद्यावर बसल्यावर तर विजेच्या तारांना लागेल असा. तो रडत होता आणि हात जोडत होता. औषधवालीने तेही टिपलं. या खेपेला बारा सेकंद.

कारागिराची बहीण भिंतीशी उभी राहून हे पाहत होती. गर्दी पुढे सरकल्यावर ती आमच्याजवळ आली.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी त्याला मागत होते. त्याने जीव घेतला नाही, मान्य. पण बाई, ती पहिली लाठी?"

"कोणती?"

"व्हिडिओतली. हे सगळे ती विसरले. ती पण दादालाच लागली ना?"

"तो म्हणतो, हलकी मारली," मी म्हणाले. "पिशवीवर."

"तुमच्याकडे तराजू आहे. तुम्ही सांगा."

मी शवविच्छेदनाचा अहवाल पुन्हा काढला. डॉक्टरांनी डोक्याबद्दल दोन पानं लिहिली होती. मृत्यूचं कारण मिळालं होतं, खाली त्यांनी सही केली होती. खांद्याचा उल्लेख नव्हता. मला गाडीत चढणारा माणूस आठवला, डाव्या हाताने उजवं कोपर धरून.

बाईंनी बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मोजपट्टी घे," त्या म्हणाल्या. "आणि क्ष-किरणवाल्याला बोलव. अहवाल मी अजून बंद केलेला नाही."

शवागारात डॉक्टर आधी कुरकुरले, मग त्यांनीच दिवा जवळ धरला. बहीण दाराशी थांबली. मी मोजपट्टी लावली, बाईंनी लिहून घेतलं. क्ष-किरणाचा फोटो ओला असतानाच उजेडासमोर धरला.

उजवा खांदा. वळ सतरा सेंटीमीटर लांब, सव्वातीन रुंद. गळ्याखालचं आडवं हाड दोन ठिकाणी मोडलेलं.